रूआंच्या पायऱ्या

सिंगापुरातल्या तीन मराठी घरांत काळ्या शाईनं काढलेलं एकेक चित्र गेल्या महिन्यापर्यंत भिंतीवर असायचं. युरोपातल्या एखाद्या बंदराच्या गावाचं. उंच चर्च, दगडी कमानी, वर निमुळते होत गेलेले मनोरे. चौकटीच्या मागे माझी सही होती आणि ज्यांच्याकडे ती चित्रं होती ते आल्यागेल्याला माझं नाव सांगायचे. ती चित्रं मी काढलेली नाहीत. माझ्या बायकोनं काढली आहेत.

एवढंच सांगायचं असतं तर मराठी मंडळाला चार ओळींचं पत्र पुरलं असतं. पण चित्रं कुणी काढली, हा माझा लहान खोटेपणा. मोठा त्याच्या आधीचा आहे, आणि त्यापायी तिचं जे गेलं ते मला परत देता येणार नाही. म्हणून हे जरा सविस्तर लिहितो आहे. कुणाचंही नाव यात घातलेलं नाही. तिचंही नाही. त्याचं कारण पुढे येईल.

मी मालवाहू जहाजांवर इंजिनियर होतो. पंचवीस वर्षं समुद्रावर काढली, शेवटची नऊ चीफ इंजिनियर म्हणून. मग कंपनीनं सिंगापूरच्या ऑफिसात बसवलं आणि आम्ही तोआ पायोहला फ्लॅट घेऊन इथलेच झालो. जहाजावरच्या माणसानं जग पाहिलेलं असतं अशी जमिनीवरच्या लोकांची समजूत असते. इंजिनियरच्या बाबतीत ती बहुधा चुकीची असते. समुद्रात इंजिन चालू असतं, तेव्हा ते उघडता येत नाही. जहाज धक्क्याला लागलं, इंजिन थांबलं, की आमचं खरं काम सुरू होतं. एक युनिट, म्हणजे एक सिलिंडर, उघडायचं, पुरुषभर उंचीचा पिस्टन क्रेननं वर काढायचा, साफ करायचा, मापं घ्यायची, रिंगा बदलायच्या आणि जहाज सुटायच्या आत सगळं परत बंद करायचं. त्यातच तेल भरून घ्यायचं, त्यातच तपासणीला सर्व्हेअर येणार. अँटवर्प म्हणजे माझ्यासाठी पिवळ्या क्रेन्सची रांग. जिनोआ म्हणजे एक गोदाम आणि त्याच्या पत्र्यावर बसलेले समुद्रपक्षी.

बायको लग्नाआधी पुण्यात मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायची. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना मुलींना बसवायची. त्या शाळेच्या कपाटात कुणीतरी देणगी दिलेलं एक जाडजूड परदेशी पुस्तक होतं, त्यात युरोपातल्या जुन्या इमारतींचे काळे-पांढरे फोटो होते. मधल्या सुट्टीत डबा एका हातात धरून ती ते फोटो बघायची, घरी येऊन आठवणीनं काढायची. आमचा बघण्याचा कार्यक्रम झाला तेव्हा तिनं मला एकच विचारलं, युरोपात जाता का. मी हो म्हणालो. ते खरंच होतं. तिच्या डोळ्यांत तेव्हा काहीतरी हललं ते मी माझ्यासाठी आहे असं समजलो.

पहिल्याच वर्षी आमचं जहाज गहू भरायला फ्रान्समधल्या रूआंला गेलं. समुद्रापासून खूप आत, नदीवरचं बंदर. तिचं पत्र कंपनीच्या तिथल्या एजंटबरोबर आलेलं: तिथलं मोठं देऊळ पाहिलंत का, कसं आहे ते कळवा. ती चर्चला देऊळच म्हणायची. मी ते डेकवरून पाहिलं होतं, म्हणजे धान्याच्या उंच कोठ्यांच्या पलीकडे एक लोखंडी टोक दिसत होतं तेवढं. खलाशांच्या क्लबची गाडी धक्क्यावर यायची, तिच्यातून मी एक पोस्टकार्ड घेतलं. "नाही गेलो, काम होतं" एवढं लिहायला काय हरकत होती? पण नवीन लग्न झालेलं. मी लिहिलं की काल संध्याकाळी जाऊन आलो. मग काहीतरी वर्णन करायला हवं. मी आयुष्यात आतून पाहिलेली सगळ्यात उंच जागा म्हणजे आमची इंजिनरूम. चार मजले उंच, मध्ये इंजिन, कडेनं लोखंडी जाळीचे सज्जे, आणि अगदी वरच्या झरोक्यातून जाळ्या-जाळ्यांतून गाळून खाली येणारा उजेड. मी तेच लिहिलं, फक्त लोखंडाच्या जागी दगड घातला. पायऱ्या मध्ये झिजून गुळगुळीत झाल्या आहेत असंही लिहिलं. त्या आमच्या खालच्या शिडीच्या पायऱ्या होत्या. रोज शंभरदा उतरल्यानं पत्र्यावरची नक्षी पुसून गेली होती.

तिच्या उत्तराबरोबर घडी घातलेलं चित्र आलं. मी ते बंकवर बसून उघडलं. तिथे मी सांगितलेलं सगळं होतं, आणि शिवाय असं काही होतं जे मी सांगितलंच नव्हतं. त्या झिजलेल्या पायऱ्यांवर मधोमध उजेडाचा एक पट्टा पडला होता आणि तो चढून कुणीतरी नुकतंच गेलं आहे असं वाटत होतं. माणूस एकही नव्हता.

त्यानंतर मी थांबलो नाही. रजेवर घरी आलो की ती जेवणानंतर ताटं बाजूला सारून विचारायला बसायची. खांब गोल की कोनाचे. उजेड कुठल्या बाजूनं येतो. दगड थंड लागतो का. मी उत्तरं द्यायचो. जिनोआतली काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची भिंत मी पोस्टकार्डावरून सांगितली आणि आतला घुमणारा आवाज आमच्या ब्लोअरचा, हवेच्या मोठ्या पंख्याचा सांगितला. अँटवर्पच्या चर्चचा एक मनोरा पूर्ण आहे आणि जोडीचा दुसरा अर्ध्यावर राहिला आहे, हे एका बेल्जियन वायरमननं मला सांगितलं होतं, ते मी पाहिल्यासारखं सांगितलं. खोटं बोलताना मला लाज वाटायची नाही, हे लिहायला हवं. उलट मजा यायची. इतकं कान देऊन माझं बोलणं दुसरं कुणी ऐकत नव्हतं.

कागदाचं सांगायचं राहिलं. तिला मोठे जाड कागद लागायचे आणि जहाजावर ते टाकून दिले जायचे. यंत्राच्या भागांचे छापील आराखडे असतात. काम झालं की त्याच्यावर मोजलेली मापं लिहायची, खाली बंदराचं नाव, तारीख आणि मापं घेणाऱ्या इंजिनियरची सही. नवा आराखडा आला की जुना रद्द. ते मी गुंडाळून घरी आणायचो, कारण मागची बाजू कोरी असे. तिनं आपणहून एक पद्धत ठेवली होती. रूआंचं ते पत्रातलं चित्र पुन्हा रूआं लिहिलेल्या कागदाच्या पाठीवर, जिनोआचं जिनोआच्या. "त्या गावाचा कागद आहे," म्हणायची. त्या तारखेला मी कुठे होतो हे त्याच कागदावर माझ्या अक्षरात लिहिलेलं होतं: इंजिनाच्या पोटात, हातात मोजपट्टी घेऊन. इंग्रजी आकड्यांच्या त्या गिचमिडीकडे तिनं कधी पाहिलं नाही. तिला मागची बाजू हवी होती.

सार्सची साथ आली त्याच्या दोन वर्षं आधी मंडळानं दिवाळीच्या कार्यक्रमात सभासदांच्या हातच्या वस्तूंचं प्रदर्शन ठेवलं. भरतकाम, फोटो, रांगोळ्या. बायकोनं पलंगाखालची गुंडाळी काढली, नऊ चित्रं निवडली. ती नेऊन द्यायचं काम माझ्याकडे आलं. प्रदर्शनाची जबाबदारी एका बँकेत काम करणाऱ्या उत्साही तरुण गृहस्थांकडे होती. मी घाईत होतो. "घरची चित्रं आहेत," एवढं बोलून गुंडाळी त्यांच्या हातात ठेवली.

कम्युनिटी क्लबच्या हॉलमध्ये आम्ही पोचलो तेव्हा चित्रं चौकटींत लागली होती आणि प्रत्येकाखाली कार्ड होतं. प्रत्येक कार्डावर माझं नाव. ते गृहस्थ लगबगीनं पुढे आले. "काका, बरं झालं मागे तुमची सही होती, गाव होतं, तारीख होती. नाहीतर मी कार्डावर काय लिहिणार होतो? आणि सांगू का, जहाजाच्याच कागदावर काढलीत ना, त्यानं तर कमालच झाली." त्यांनी कुणाकुणाला बोलावून एक चौकट उलटी करून दाखवलीसुद्धा. पिस्टनचा आराखडा बघून लोकांनी माना डोलावल्या. जहाजावर दुसरा कागद कुठला मिळणार.

बायको दोन्ही हातांत पर्स धरून एकेका कार्डापाशी थांबत पुढे जात होती. मला तिची पाठ दिसत होती. तेवढ्यात कुणीतरी विचारलं की हे सगळं कधी केलंत, आणि मी म्हणालो, "असंच, जहाजावर फावल्या वेळात."

या एका वाक्याला मी आजवर खूप कारणं शोधली. सगळ्यांसमोर त्या तरुणाचा पचका झाला असता, वगैरे. त्यातलं एकही कारण खरं नाही. मला ती चित्रं माझी असावीत असं वाटलं, इतकंच. मी सांगितलेलं होतं ना सगळं. माझ्या मनानं अर्धी मालकी आधीच लावून घेतली होती.

घरी येताना बसमध्ये ती म्हणाली, "कार्डावरचं अक्षर छान होतं." मी म्हणालो, पुढच्या बैठकीत सांगून टाकतो, त्यांची गफलत झाली म्हणून. ती खिडकीबाहेर बघत होती.

पुढच्या बैठकीत मी सांगितलं नाही. मंडळाच्या अंकात दोन चित्रं छापली गेली. मग बोलावणं आलं की युरोपातल्या शहरांच्या कलेतून आणि वास्तुशिल्पातून तुम्हाला प्रेरणा कशी मिळाली, यावर तासभर बोला. आता तरी मी नाही म्हणायला हवं होतं. तीच म्हणाली, "जा की. नाही म्हणालात तर कारण काय द्याल?" आणि माझ्यासमोर वही ठेवून तिनं मला सांगायला सुरुवात केली, मी उतरवून घेत गेलो. अँटवर्पचा अर्धवट मनोरा तिला पूर्ण मनोऱ्यापेक्षा जवळचा का वाटतो. कमान वर जाऊन टोकाशी मिटते तेव्हा डोळा तिथे का थांबत नाही. इमारत पाहिली की तिला आधी उजेड काढावासा वाटतो आणि दगड आपोआप येतात. लग्नाला तीस वर्षं होऊन गेल्यावर, दुसऱ्या कुणाला तरी सांगण्यासाठी मी तिचं हे पहिल्यांदा ऐकत होतो. ती पहिल्या रांगेत बसली होती. व्याख्यान रंगलं. शेवटी एका बाईंनी विचारलं की इतकं बारकाईनं पाहायला वेळ कसा मिळायचा. मी म्हणालो, वेळ काढावा लागतो. टाळ्या पडल्या. तिनंही वाजवल्या.

तीन चित्रं लोकांनी आवडीनं मागितली, ती मी दिली. ती तिनंच वर्तमानपत्रात बांधून दिली, कोपरे दुमडू नयेत म्हणून आत पुठ्ठा घालून. मग लोक नवीन काय काढलंत म्हणून विचारायला लागले. मी एकदा घरी विषय काढला. "सुचत नाही," ती म्हणाली. शाईची पेनं तिनं धुऊन, पुसून, रबरबँड लावून कपाटात ठेवली होती. ती मला वाटतं व्याख्यानाच्या दुसऱ्याच दिवशी.

त्यानंतरच्या वर्षी एकदा भाजी निवडताना ती म्हणाली की समोरच्या ब्लॉकच्या खिडक्यांच्या रेघा वाकड्या दिसतात. मी हसलो, सरकारी इमारतीतली रेघ वाकडी व्हायची नाही म्हणालो. नोव्हेना भागातल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग खराब होतो आहे. उजवा फार पुढे गेला आहे, डावा सुरू झाला आहे. इंजेक्शनं, गोळ्या, जे होतं ते केलं. चौकोनांची जाळी छापलेला एक कागद दिला, तो फ्रिजवर लावायचा आणि रोज एक डोळा झाकून बघायचं, किती चौकोन वाकले ते. डॉक्टर तरुण होते, पण गोड बोलून वेळ मारून नेणारे नव्हते. म्हणाले, जे बघायचं राहिलं असेल ते या एकदोन वर्षांत बघून घ्या.

त्या दिवशी एमआरटीच्या मेट्रोत माझ्या शेजारी बसून तिनं लग्नानंतर पहिल्यांदा माझ्याकडे काही मागितलं. "मला एकदा रूआं दाखवा. बाकी काही नको. त्या पायऱ्या मला बघायच्यात."

मी हो म्हणालो. तिथे गेलो की पहिल्या मिनिटाला कळणार. ती विचारणार, तुम्ही कुठल्या दारानं आत गेला होतात, आणि मला स्टेशनवरून रस्तासुद्धा माहीत नसणार. मग सगळंच उसवत जाणार. जिनोआ, अँटवर्प, व्याख्यान, इतक्या वर्षांच्या रजांमधली प्रत्येक गोष्ट.

म्हणून मी ते पुढे ढकलत राहिलो. आधी सार्स आला, तेव्हा विमानतळावर कुणी जातच नव्हतं, ते कारण आयतं मिळालं. मग तिकडे थंडी आहे म्हणालो. मग माझा गुडघा. मग मुलीचं बाळंतपण. ती पुंगोलला नव्या फ्लॅटमध्ये राहायला गेली होती आणि तिला आईची गरज होती, हे खोटं नव्हतं, पण चाळीस दिवसांची गरज मी आठ महिने ताणली. मुलगीच मला म्हणायची, "बाबा, just book the ticket lah, आई रोज विचारते." मी तिला सांगायचो की डॉक्टरांनी प्रवास नको म्हटलंय. आणि आईला सांगायचो की मुलीचं जरा मार्गी लागू दे. फ्रिजवरच्या कागदापुढे ती रोज सकाळी उभी राहायची. मी चहा करत असायचो. किती चौकोन गेले हे ती सांगत नसे आणि मी विचारत नसे. मी वाट बघत होतो असं म्हटलं तर ते क्रूर वाटेल. पण तिचा डावा डोळा जाईपर्यंत मी टाळत राहिलो, आणि तो गेला तेव्हा दुःखाच्या खाली कुठेतरी मला सुटल्यासारखं वाटलं. हे मी आजवर मुलीलाही सांगितलेलं नाही. ती हे वाचेल.

त्या आजारात सगळा अंधार होत नाही. कडेचं दिसत राहतं, बरोबर मधलं तेवढं जातं. ज्याच्याकडे बघावं तेच नाहीसं होतं. माझा चेहरा तिला दिसेना, माझे कान दिसायचे.

मग आमचा एक क्रम पडला. सकाळी आठच्या सुमाराला मी तिला हाताला धरून लिफ्टनं खाली आणायचो. इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, व्हॉइड डेकवर, सिमेंटच्या बाकावर बसायचो. मी कॉफी आणायचो, पिशवीतली, दोरा लावलेली. आणि ती म्हणायची, सांगा. मी पुन्हा सगळं सांगायचो. रूआं, जिनोआ, अँटवर्प, तेच खांब, तोच उजेड. ऐकताना तिच्या उजव्या हाताचं बोट गुडघ्यावर, साडीवर फिरत असे. वर, वळण, खाली. ती काढत होती. मला वाटलं, चला, एवढं तरी आहे. माझा खोटेपणा निदान उपयोगी पडतो आहे. असं दीड वर्ष गेलं.

एका सकाळी ती कॉफीची पिशवी हातात धरून म्हणाली, "माझं बघायचं राहिलं. पण तुम्ही बघितलंत, ते एक बरं झालं. घरातल्या एकानं तरी बघितलं."

मला तेव्हा गप्प बसता आलं असतं. बसायलाच हवं होतं. पण ते वाक्य मला सोसवेना. मी म्हणालो, "मी नाही गेलो कधी."

"कुठे?"

"रूआंच्या देवळात. आत गेलोच नाही. धक्क्यावरून टोक दिसायचं तेवढंच."

ती माझ्या कानाकडे तोंड करून बसली होती. म्हणजे माझा चेहरा कडेनं पकडायचा प्रयत्न करत होती.

"किती वेळा गेलं होतं जहाज?"

"चार."

"चारही वेळा काम होतं?"

"तीनदा होतं."

"आणि चौथ्यांदा?"

"चार तास मोकळे होते. एजंटची गाडीपण होती. मी झोपलो."

पलीकडच्या बाकावर दोन चिनी आजोबा पट मांडून बसले होते. सोंगट्या आपटल्याचे आवाज येत होते. तिनं विचारलं, "मग पायऱ्या झिजलेल्या होत्या म्हणालात त्या?"

मी इंजिनरूमचं सांगितलं. शिडी, जाळ्या, झरोका, ब्लोअर. एकदा सुरू झाल्यावर मी थांबलो नाही, जिनोआचं सांगितलं, अँटवर्पचं सांगितलं, वायरमनचंही सांगितलं. मला हलकं वाटत होतं. सगळं सांगून झाल्यावर तिच्या गुडघ्याकडे लक्ष गेलं. बोट थांबलं होतं.

"मग मी काय काढलं एवढी वर्षं?" ती म्हणाली.

 तिनं ते मला विचारलंही नसावं. मी तिचा हात धरला आणि म्हणालो की मी मंडळात जाऊन सांगतो, ही सगळी चित्रं तुझी आहेत, सगळीकडे तुझं नाव घालायला लावतो, उद्याच जातो. तिनं हात सोडवून घेतला नाही.

"नको," ती म्हणाली. "आता घालून मला वाचता येणार आहे का? आणि तुमचंच असू द्या नाव. तुमचं इंजिन आहे ते."

मी वर घेऊन आलो तिला. दुसऱ्या दिवशी आठ वाजता चप्पल पुढे ठेवली तर म्हणाली, आज पाय दुखतायत. त्यानंतर आम्ही खाली बसायला गेलो नाही. ती माझ्याशी बोलायची, रागावलेली नव्हती. जेवायला काय करायचं, नातीला ताप आहे का, गॅस बंद केलात का. पण पुन्हा कधी "सांगा" म्हणाली नाही. आंधळ्या होत चाललेल्या माणसाच्या डोक्यात तीन गावं उभी होती आणि मी माझा जीव हलका करायला एका सकाळी ती पाडून टाकली. आधी तिची दृष्टी होती तेव्हा खरं सांगितलं असतं तर ती चिडली असती, रडली असती, आणि मग आम्ही तिकीट काढून गेलो असतो. उशीर करून मी दोन्ही घालवलं. जे होतं ते बघता आलं नाही, आणि जे नव्हतं तेही राहिलं नाही. पुढे दोन वर्षांनी ती गेली. हृदयानं गेली, झोपेत. डॉक्टरांनी सांगितलं की त्रास झाला नाही.

तिच्यामागे काही महिन्यांनी मुलगी कामानिमित्त फ्रान्सला गेली. मी तिला काही सांगितलेलं नव्हतं. एका रविवारी ती आपणहून ट्रेननं रूआंला गेली, आईला जायचं होतं म्हणून. जाताना आईच्या चित्राचा फोटो काढून नेला होता. तिथून तिनं फोन केला. "बाबा, मी इथे उभी आहे, पण काहीच जुळत नाहीये. पायऱ्या जेमतेम चार आहेत. आत उजेड असा वरून येतच नाही. आईचं ते, I don't know, वेगळीच जागा आहे. तुम्ही नक्की इथलंच सांगितलं होतंत ना?"

तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. निदान बरंचसं.  मग ती म्हणाली, "बाबा, मी नंतर बोलते," आणि त्यानंतर ती तीन आठवडे पुंगोलहून आमच्याकडे आली नाही.

फोन ठेवल्यावर मी त्या नवांपैकी घरात उरलेली सहा चित्रं जमिनीवर मांडली. रूआंचं हातात घेतलं आणि खूप वर्षांनी नीट पाहिलं. मला आमची इंजिनरूम शोधायची होती. ती सापडेना. जाळ्या नव्हत्या, सज्जे नव्हते. पायऱ्या होत्या, पण तसली शिडी कुठल्या जहाजावर मी उतरलेलो नाही. ते फ्रान्समधलं चर्च नव्हतं हे मुलीनं सांगितलंच होतं. ते माझं इंजिनही नव्हतं. ती जागा कुठेच नव्हती, तिनं काढण्याआधी.

"मग मी काय काढलं" याचं उत्तर हे होतं. बाकावर मला ते द्यायला हवं होतं. एवढं साधं आहे की त्याला दोन वाक्यं पुरली असती, आणि मी त्याऐवजी तिला ब्लोअरबद्दल सांगत बसलो. उत्तर सुचायला मला तिच्या मरणाची आणि मुलीच्या फोनची गरज पडली. आता ते कुणाला देऊ?

गेल्या महिन्यात मी ती तीन घरं गाठली. एकांनी चित्र ताबडतोब उतरवून दिलं, चहा दिला आणि नजरेला नजर दिली नाही. दुसरे काँडो सोसायटीत राहायला गेले तेव्हा ते कुठेतरी हरवलं. तिसरे म्हणजे ते प्रदर्शनवाले गृहस्थ. त्यांना मी सगळं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "काका, मी कार्ड लिहिण्याआधी तुम्हाला फोन करायला हवा होता." मी म्हणालो, तुमची चूक नाही. ते चित्र त्यांच्याकडेच राहू दिलं आहे. त्यांनी खालचं माझ्या नावाचं कार्ड काढून टाकलं.

म्हणजे त्या नवांतली घरी आता सात आहेत. मागच्या बाजूची सही मी खोडलेली नाही, कारण त्या बाजूची सही खरी आहे. तो पिस्टन मी मोजला होता, त्या गावी, त्या तारखेला. पुढच्या बाजूला उजव्या हाताचा खालचा कोपरा तिनं प्रत्येक चित्रात मोकळा सोडलेला आहे, बोटभर. तिथं तिचं नाव लिहावं म्हणून मी पेन्सिल घेऊन दोनदा बसलो. ती नको म्हणाली होती. आयुष्यात तिनं माझ्याकडे दोन गोष्टी मागितल्या, एक दाखवा म्हणाली आणि एक नको म्हणाली. पहिली मी केली नाही. पेन्सिल परत ठेवून दिली.